एका पानावरची चार नावं

आंधळगावच्या बसथांब्यासमोर, चहाच्या टपरीला लागून कामिनी निंबार्तेचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, फोटो काढायला मागं टांगलेला निळा पडदा आणि बाहेर प्लास्टिकच्या चार खुर्च्या. पीकविम्याचा अर्ज, सातबारा, जातीचा दाखला, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवणं, आधारातली जन्मतारीख दुरुस्त करणं, सगळं तिथं होतं. गावात तिला 'नेटवाली' म्हणतात.

कामिनी एकतीस वर्षांची. अंगानं किरकोळ, पण बोलायला लागली की टपरीवरचा माणूस कप हातात धरून ऐकत राहतो. भंडाऱ्याला बी.एस्सी. करून ती सहा वर्षं नागपुरात एका लहानशा कंपनीत होती. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, मंगल कार्यालयांच्या वेबसाइटी बनवायची. टाळेबंदीत कंपनी बंद पडली आणि कामिनी लॅपटॉप घेऊन गावी आली. आईला, रत्नमालेला, वाटलं पोरगी आता लग्नाला तयार होईल. बापाला, परसरामला, वाटलं दोन महिन्यांत परत जाईल. तिनं दोघांनाही खोटं पाडलं आणि दुकान टाकलं.

फॉर्म भरता भरता तिला एक गोष्ट पक्की कळली होती. नावातला एक काना इकडचा तिकडे झाला की माणूस तहसिलीच्या चार खेपा घालतो. त्यातही बायांच्या नावांचे हाल फार. माहेरचं एक, सासरचं दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं, आणि घरात तर कुणी नावानं हाकच मारत नाही. 'अर्जदाराचे नाव' विचारलं की बाई अडायची आणि सोबतचा नवरा म्हणायचा, "लिह्य ना, माही बायको म्हनून." कामिनी त्याच्याकडे बघायचीच नाही. बाईला म्हणायची, "तुमचं नाव सांगा. तुमच्या तोंडानं." ती सांगेपर्यंत बोटं कीबोर्डच्या वर उचलून धरायची. बाहेर कितीही गर्दी असो.

त्या वर्षी धानाची मळणी आटोपली आणि पुंडलिकराव सार्वे तिच्या दुकानात आले. कारध्याला राहणारे, निवृत्त चित्रकला शिक्षक. भंडाऱ्यातल्या 'रेषारंग कला समिती'चे अध्यक्ष. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, बोलणं हळू आणि नेमकं. गावाला ते नवे नव्हते. तीन वर्षांपूर्वी एका लग्नाला आले असता त्यांनी शकुनबाईच्या घराची भिंत पाहिली होती. गेरू, पांढरी माती आणि काजळी यांनी भरलेली ती भिंत पाहून ते लग्नाचं जेवण विसरले, असं गावात अजून सांगतात. मग ते जाड कागदाची भेंडोळी घेऊन परत आले, पुन्हा आले, येत राहिले. शकुनबाईच्या जोडीला वच्छला, आनंदाबाई आणि रुखमिणी याही काढू लागल्या. आता चौघींची मिळून चौतीस चित्रं तयार होती आणि जानेवारीत भंडाऱ्याच्या सभागृहात त्यांचं चार दिवसांचं प्रदर्शन ठरलं होतं.

"एकाच पानाची वेबसाइट पाहिजे," पुंडलिकराव म्हणाले. "वरून खाली सरकवत गेलं की सगळं दिसलं पाहिजे. कुठं आहे, कधी आहे, काय आहे. मोठ्या स्क्रीनवर नीट, मोबाइलवरही नीट. त्याला काहीतरी म्हणतात."

"रिस्पॉन्सिव्ह."

"तेच. जमेल?"

कामिनीनं आधाराचा अर्धवट फॉर्म बाजूला सारला. गावी आल्यापासून असं काम तिच्याकडे कुणी आणलं नव्हतं. "जमेल सर," ती म्हणाली. "तुम्ही फक्त चित्रांचे फोटो मला काढू द्या."

शकुनबाई तिची मोठीमाय, म्हणजे थोरली काकू. परसरामचा मोठा भाऊ नत्थू जाऊन नऊ वर्षं झाली होती, तेव्हापासून शकुनबाई पलीकडच्या अंगणात एकटीच राहायची. वय सत्तरीला टेकलेलं, पाठ धानाच्या रोवण्यानं, लावणीनं वाकलेली, बोटांच्या कडा गेरूनं कायमच्या लाल झालेल्या. कामिनीनं अंगणात, सावलीच्या बाजूला एकेक चित्र उभं करून फोटो घेतले. सगळ्यांत मोठं चित्र रोवण्याचं होतं. हातभर उंच आणि चांगलं दीड पुरुष लांब. चिखलात वाकलेल्या अकरा बाया, प्रत्येकीच्या मुठीत पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी.

"ह्या सगळ्या सारख्याच दिसून राहिल्या मोठीमाय," कामिनी म्हणाली.

"सारख्या?" शकुनबाईनं काठीनं एकेकीकडे खूण केली. "हे तुही माय. पदर डाव्या बाजूनं खोसते ना थे. हे वच्छला, कंबर दुखते म्हनून गुडघा मोडून वाकते. हे आनंदा. हे मी. तुले मानूस पाठीकडून वळखता येत नाई का वो?"

समितीनं पाठवलेली यादी कामिनीच्या मोबाइलवर होती. ती समितीचे सचिव भुपेंद्र यांनी केली होती. भुपेंद्र यांचा भंडाऱ्यात फ्लेक्स छापायचा धंदा, त्यामुळे समितीचं छापणं-लिहिणं त्यांच्याच हातात. कामिनीनं यादी वाचून दाखवली. पहिल्या ओळीत होतं, 'श्रीमती नत्थू निंबार्ते व इतर ग्रामीण महिला.'

शकुनबाईनं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे हे त्यानं काढलं असं झालं."

"तसं नाही वो—"

"त्यानं तं एक डाव माह्या भिंतीवर चुना मारला होता. पाहुने येनार होते म्हनून. पंधरा दिवसाचं माह्यं काम एका सकाळी पांढरं." तिनं कागदावरची धूळ पदरानं झटकली. "मानूस वाईट नोयता. पन चितर माह्यं हाये. माह्यं नाव लिहजो. शकुन. नत्थूची बाई म्हनून नोको लिहजो."

"लिहीन," कामिनी म्हणाली.

पुढचे आठ दिवस दुकानात फॉर्मवाले आले की फॉर्म, ते गेले की पान. समितीनं आखणी दिली होती. मोठ्या स्क्रीनवर तीन रकाने. डावीकडे प्रमुख पाहुणे आणि समितीच्या नऊ जणांचे फोटो, मधे चित्रं, उजवीकडे तारीख, वेळ, पत्ता. लॅपटॉपवर ते झोकात दिसत होतं. पण आंधळगावात लॅपटॉप किती जणांकडे? कामिनीनं ते मोबाइलवर उघडलं आणि कपाळावर हात मारला. फोटो इतके जड की जिथं रेंज येते त्या तलावाच्या पाळीवर उभं राहिलं तरच उघडायचे. मथळ्याच्या ओळी इतक्या खेटून आलेल्या की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकल्या. आणि रोवण्याच्या लांब चित्रातल्या अकरा बायांपैकी पडद्यावर मावल्या तीन, बाकीच्या कापल्या गेल्या.

तिनं फोटो हलके केले. ओळींमध्ये श्वास घेण्याइतकी जागा सोडली. रोवण्याचं चित्र काही केल्या कापायचं नाही असं ठरवून ती दोन दिवस झगडली. शेवटी अंगठ्यानं बाजूला ओढलं की धानाच्या बांधीतल्या, वाफ्यातल्या बाया एकामागून एक समोर येतील, असं तिनं केलं. बापाचा काच तडकलेला मोबाइल, अंगणवाडीच्या ताईंचा टॅब, टपरीवाल्याचा तळहातात मावेल एवढा फोन, सगळ्यांवर तिनं पान उघडून पाहिलं.

मग तिनं ते आईच्या हातात दिलं. रत्नमाला चष्मा लावून अंगठ्यानं सरकवू लागली. मोबाइलची स्क्रीन अरुंद. तीन रकाने शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक लागतात, आणि डावीकडचा रकाना सगळ्यांत आधी. रत्नमालेनं एक फोटो सरकवला, दुसरा, तिसरा. पाचव्याला ती थांबली.

"हे कोन होत वो सगळे? तेरवीची पत्रिका हाये का कोनाची?"

"आई, ते समितीचे लोक आहेत."

"आन चितर?"

"खाली आहेत. अजून सरकव."

"माह्या अंगठ्यात जीव रायला पाह्यजे ना थोवर." आणि तिनं मोबाइल परत दिला. चित्रांपर्यंत ती पोचलीच नव्हती.

कामिनी त्या पानाकडे बघत बसली. कोडमधल्या फक्त दोन-तीन ओळींचं काम होतं. मोठ्या स्क्रीनवर समितीची आखणी तशीच ठेवायची, पण मोबाइलवर क्रम बदलायचा. आधी चित्रं, प्रत्येकाखाली काढणारीचं नाव आणि गाव. मग तारीख, पत्ता आणि नकाशा. पाहुणे आणि समिती सगळ्यांत शेवटी. तिनं त्या ओळी लिहिल्या. शिवाय 'व इतर ग्रामीण महिला' काढून चार नावं घातली. शकुन निंबार्ते. वच्छला बांते. आनंदा हटवार. रुखमिणी तितिरमारे. हे सगळं समितीला विचारून करायला हवं होतं, हे तिला कळत होतं. विचारलं तर काय उत्तर येईल तेही कळत होतं.

भंडाऱ्यात सभागृहाच्या मागच्या खोलीत बैठक होती. कामिनी एसटीनं गेली, थांब्यावरून ऑटो केला. खोलीत सात-आठ जण होते. भुपेंद्र यांनी भिंतीवर पान मोठं करून दाखवलं. समितीचे फोटो डावीकडे चमकले, मधून चित्रं सरकत गेली, सगळे खूश. पुंडलिकराव म्हणाले, "वा! छान केलंस कामिनी." तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

तेवढ्यात एक सदस्य आपल्या मोबाइलवर तेच पान उघडून बसले होते. ते म्हणाले, "माझ्याकडे वेगळंच दिसून राहिलं. आपण कुठं आहोत?"

सगळ्यांनी आपापले मोबाइल काढले. खोलीत अंगठे चालायला लागले.

"कामिनी," पुंडलिकराव म्हणाले, "पाहुणे कुठं आहेत?"

"खाली आहेत सर. सरकवत जा."

"किती खाली?"

"चित्रं संपली की."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. भुपेंद्र यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. "हे बघ, लोक पाहुण्यांचं नाव पाहून येतात. या बायांना ओळखते कोण?"

"नाही ओळखत. म्हणूनच तर लिहिलंय."

"आणि नावं लिहायला तुला कोणी सांगितलं? यादी दिली होती ना मी?"

"त्या यादीत मेलेल्या माणसाचं नाव होतं, काका. चित्र काढणारी जिवंत आहे."

पुंडलिकरावांनी हात वर करून दोघांना थांबवलं. ते रागावले नव्हते. वर्गातल्या पोराला समजवावं तसं त्यांनी सांगायला घेतलं. "कामिनी, ही लोककला आहे. लोककलेला एकाचं नाव नसतं, ती सगळ्या गावाची असते. 'ग्रामीण महिला' म्हटलं की त्यात सगळ्या आल्या. एकेकीचं नाव लावलं की त्यातला गावपणा जातो. मी तीन वर्षं या बायांसाठी फिरलो, मला त्यांचा मान नको असेल का?"

"सर, तुम्ही फिरलात हे मला माहीत आहे."

"मग?"

"मग समितीचं कामही सगळ्यांचंच आहे ना? तिथं नऊ नावं काहून आहेत? तिथंही फक्त 'शहरी पुरुष' असं लिहू का?"

दोघा-तिघांनी मोबाइल टेबलावर पालथे ठेवले.

"जीभ आवर," भुपेंद्र म्हणाले.

"पान बदलून दे," पुंडलिकराव म्हणाले. आवाज अजून हळूच होता, पण त्यातला शिक्षक आता खडू खाली ठेवून उभा होता. "आजच्या आज. मोबाइलवर पाहुणे वर, समिती त्याखाली, मग बाकीचं. नावं नकोत."

कामिनीनं लॅपटॉप मिटला. "नाही बदलणार."

"मग आम्ही दुसऱ्याकडून करून घेऊ."

"घ्या. पण मी काढलेले फोटो वापरायचे नाहीत. शकुनबाईनं ते मला नावानिशी छापायला दिलेत." दाराशी जाऊन ती वळली. "आणि सर, चित्रं अजून आंधळगावातच आहेत."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर तिचा राग ओसरला. चित्रं आंधळगावात आहेत, हे ती कुणाच्या वतीनं बोलून आली होती? सभागृह, दिवे, भंडाऱ्यातली माणसं, हे सगळं त्या चौघींच्या वाट्याला पहिल्यांदा येणार होतं. आणि ती एका बैठकीत ते उधळून आली होती. कुणालाही न विचारता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं चौघींना शकुनबाईच्या अंगणात बोलावलं आणि घडलं तसं सांगितलं. आनंदाबाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. रुखमिणी, सगळ्यांत लहान, जमिनीवर काडीनं रेघा मारत होती. वच्छला मात्र उठून उभी राहिली.

"तू कोन वो आमच्यासाठी भांडनारी?" तिचा आवाज पलीकडच्या गल्लीत गेला असेल. "मले इचारलं होतं का? माह्या पोरीनं तुमसरावरून याचं ठरवलं होतं, भंडाऱ्याच्या हालात मायचं चितर पाहाले. नाव असो का नसो, चितर तं लागलं असतं ना! आता काय सांगू तिले? नेटवालीले राग आला म्हनून राह्यलं?"

वच्छला खरं बोलत होती. "चुकलं माझं, काकू," ती म्हणाली. "तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. आता विचारते. मी दोन्ही पानं आणली आहेत, त्यांना पाहिजे तसंही आणि मी केलं तसंही. दोन्ही नीट केली आहेत, त्यांचंही मुद्दाम खराब नाही केलं. पाहा आणि ठरवा. तुम्ही म्हणाल तर मी उद्या भंडाऱ्याला जाऊन माफी मागते आणि त्यांचंच पान लावते."

वच्छलेनं मोबाइल हिसकावूनच घेतला. समितीचं पान होतं. ती सरकवत गेली. पाहुण्यांचे आणि समितीचे फोटो गेले. मग चित्रं आली, एकाखाली एक, आणि त्यांच्यावर एकच ओळ, 'ग्रामीण महिलांची लोककला.' तिचं तलावाचं चित्र आलं. हिरव्या पाण्यावर सिंगाड्याचे वेल, खाली मासे. त्याच्यावर आनंदाबाईचं, खाली रुखमिणीचं मोहाचं झाड. वच्छलेनं ते तीनदा वर-खाली केलं.

"हे माह्यं हाये हे कोनाले समजन?" ती कामिनीला नाही, स्वतःलाच विचारत होती.

"कोनाले नाई," शकुनबाई म्हणाली.

"माह्या पोरीले समजन."

"तिले तं घरीबी समजते."

वच्छला खाली बसली. तिनं दुसरं पान मागितलं. तिथं तलावाच्या चित्राखाली तिचं नाव होतं. तिला वाचता येत होतं, चौथीपर्यंत शिकली होती. तिनं ओठ हलवत पूर्ण नाव वाचलं आणि मोबाइल रुखमिणीच्या हातात दिला. "मी अजून रागानंच हाओ," ती कामिनीला म्हणाली. "पन बिननावाचं चितर मी देत नाई."

आनंदाबाईनं मान हलवली. रुखमिणीनं काडी टाकली आणि म्हणाली, "मीबी नाई."

चार दिवसांनी भुपेंद्र छोटा टेम्पो घेऊन चित्रं न्यायला आले. भांडण झालं ते कामिनीशी, बाया काही अडवणार नाहीत, असा त्यांचा हिशेब असावा. शकुनबाई ओसरीत चित्रांच्या भेंडोळ्यांपुढे पाय पसरून बसली होती. बाकी तिघी मागं उभ्या. कामिनी या वेळी मुद्दाम अंगणाच्या पलीकडे, आपल्या दारात थांबली. बोलायचं त्यांनी, हे ठरलं होतं.

"चला आजी, चित्रं द्या. उशीर होते."

"नावं आनली का?"

"कोणती नावं?"

"आमची. चार हायेत. लय जड नाईत."

भुपेंद्र यांनी समजावलं, चिडले, पुंडलिकरावांना फोन लावून तो शकुनबाईच्या कानाला लावला. शकुनबाईनं सगळं ऐकून घेतलं. "मास्तर," ती फोनमध्ये म्हणाली, "कागद तुमी देल्ला, आमी इसरलो नाई. तुमचा कोरा कागद परत पाह्यजे असन तं देतो. यावर आता आमचं काढलेलं हाये." मग तिनं फोन परत केला आणि पाय होते तसेच पसरून ठेवले.

टेम्पो रिकामा गेला.

प्रदर्शन त्याच तारखांना आंधळगावातच भरवायचं, ही कल्पना रुखमिणीची. आनंदाबाईच्या दिराची, कैलाशची, राईस मिल दोन वर्षांपासून बंद होती. तिचं गोदाम उंच, कोरडं आणि वरच्या झरोक्यांतून उजेड येणारं. चौघींनी आणि रत्नमालेनं दोन दिवस कोंडा झाडला, फरशी धुतली. बांबू बांधले, दोऱ्या ताणल्या, कपडे वाळवायच्या चिमट्यांनी चित्रं लावली. परसरामनं शिडी धरली आणि दिवसभर सूचना केल्या, त्या कुणी ऐकल्या नाहीत.

कामिनीनं पान नव्यानं केलं. आता रकाने आखून देणारं कुणी नव्हतं. मोठी स्क्रीन असो की लहान, उघडलं की आधी रोवण्याचं चित्र, अकराच्या अकरा बाया. खाली चार नावं, एकसारख्या अक्षरात, कुणाचं मोठं नाही की लहान नाही. नावावर बोट ठेवलं की तिची चित्रं. मग तारखा, मिलचा नकाशा आणि भंडाऱ्याहून कोणत्या एसटीनं यायचं ते. आणि शेवटी एक ओळ तिनं लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली आणि ठेवली. पान चौघींना दाखवून, त्यांनी 'लाव' म्हटल्यावरच तिनं ते लावलं. लिंक गावातल्या सगळ्या ग्रुपांवर गेली, तिथून माहेरवाशिणींकडे, तिथून कुठं कुठं गेली ते तिला कळलं नाही.

पहिल्या दिवशी गावच आलं. आपल्याच बांधी, आपलाच तलाव चित्रात पाहून लोक लाजत होते आणि एकमेकांना ढोसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीतून भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या दहा-बारा पोरी उतरल्या, हातात मोबाइल, मोबाइलवर पान. दुपारी नागपूरहून एक नवरा-बायको गाडीनं आले. लोक चित्रापुढे थांबायचे, स्क्रीनवरचं नाव वाचायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "शकुन निंबार्ते कोण?"

शकुनबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून शाळेतल्या पोरीसारखा हात वर करायची. "मी हाओ. इकडे या."

वच्छलेची पोरगी तुमसरहून आली. वच्छला तिला सोडून एका कॉलेजच्या पोरीला अर्धा तास सांगत होती की पाण्याखालचे मासे वरून दिसत नाहीत, पण असतात, म्हणून काढले. कामिनी जवळून गेली तेव्हा वच्छलेनं तिच्याकडे बघून नाक मुरडलं. पोरीला मात्र म्हणाली, "थे पान इनं बनवलं."

भंडाऱ्यातलं प्रदर्शनही रद्द झालं नव्हतं. समितीनं दुसऱ्या चित्रकारांची चित्रं लावली, पाहुणे आले, फोटो छापून आले. आंधळगावचा फोटो कुठंच छापून आला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुंडलिकराव आले. एकटे, एसटीनं. दाराशी चपला काढल्या, खरं तर तिथं काढायची गरज नव्हती. सगळी चित्रं त्यांनी ओळीनं पाहिली, कागद ते आधीच ओळखत होते तरी. मग कामिनीच्या टेबलापाशी येऊन त्यांनी मोबाइल काढला आणि पान पार तळापर्यंत सरकवलं. तिथं ती शेवटची ओळ होती. 'ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणण्यासाठी तीन वर्षं आंधळगावला येत राहिलेले चित्रकला शिक्षक: पुंडलिकराव सार्वे, कारधा.'

"मला अगदी शेवटी टाकलंस," ते म्हणाले.

"शेवटी नाही टाकलं सर. जे केलंत ते लिहिलंय."

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. कामिनीनं नजर वळवली नाही. तिला त्यांच्याबद्दल वाईट वाटत होतं आणि तरी ती ओळ एक इंचही वर सरकवायची तिची तयारी नव्हती. थोड्या वेळानं ते शकुनबाईकडे गेले आणि तिच्या खुर्चीपाशी उभे राहिले.

"शकुनबाई," ते म्हणाले. तीन वर्षांत त्यांनी तिला नावानं हाक मारल्याचं कामिनीला आठवत नव्हतं. "पुढच्या वर्षी भंडाऱ्यात घेऊ. नावांसकट. मी समितीत बोलतो."

शकुनबाईनं मागं उभ्या असलेल्या तिघींकडे पाहिलं. घाई तिला कसलीच नव्हती.

"इचार करू मास्तर," ती म्हणाली. "आमी चौघी बसून सांगतो."

समितीनं कामिनीला पुन्हा काम दिलं नाही. भंडाऱ्यातले दोघे-तिघे तिला 'भांडखोर' म्हणतात, हे तिच्या कानावर येतं. ती ते दुकानात हसून सांगते, पण पूर्ण हसून नाही. उन्हाळ्याच्या तोंडी शेजारच्या गावच्या बचत गटाच्या एक ताई तिच्याकडे आल्या. मोहाचे लाडू, लोणची, पापड, सगळ्याचं एक पान करून पाहिजे म्हणाल्या. गटाच्या अध्यक्ष त्याच होत्या, मजकूर लिहून आणला होता, फोटो निवडून आणले होते.

कामिनीनं कागद वाचला आणि परत त्यांच्यापुढे ठेवला.

"किती जणी आहात तुम्ही ताई?"

"बारा."

"मग बारा जणींना घेऊन या. सगळ्यांना विचारल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. त्यावर माझं एकदा भांडण झालेलं आहे."

ताईंनी तोंड वाकडं केलं, "एवढं कायले पाह्यजे?" म्हणाल्या आणि कागद घेऊन निघून गेल्या. कामिनीनं पुढच्या माणसाला हाक मारली. शुक्रवारी दुपारी एका ऑटोतून सात आणि दुसऱ्यातून पाच, अशा बाराही जणी दुकानासमोर उतरल्या. खुर्च्या चारच होत्या. बाकीच्या टपरीच्या बाकावर बसल्या आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या.